गाडी आपली, पाटी सरकारची

१९८६ सालच्या उन्हाळ्यात आमचे अण्णा अमेरिकेला आले. पहिल्यांदा आणि शेवटचे. मी तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआ गावात राहत होतो आणि रोज सीमा ओलांडून मॅसॅच्युसेट्समध्ये नोकरीला जात होतो. इकडे येऊन सात वर्षं झाली होती. अण्णा साताऱ्याला शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. शिक्षकाला एक खोड असते, दिसेल ते अक्षर वाचायचं. आम्ही ग्रोसरी आणायला गेलो होतो. मी डिकीत पिशव्या भरत होतो आणि अण्णा हात मागे बांधून पार्किंग लॉटमध्ये गाड्यांच्या पाठी वाचत हिंडत होते, जणू परीक्षेच्या वर्गात सुपरव्हिजन चालली आहे. दोन रांगा संपवून परत आले आणि म्हणाले, "अरे, इथे सगळ्यांनी एकच काय लिहिलंय? 'लिव्ह फ्री ऑर डाय'. स्वतंत्र जगा, नाहीतर मरा. हे तर आमचं बेचाळीसचं!"

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकवर गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' म्हटलं तेव्हा अण्णा वीस वर्षांचे होते. त्यानंतरचे आठ महिने त्यांनी येरवड्याला काढले. घरी ते त्याबद्दल फारसं बोलत नसत. पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी मास्तरी प्रश्न विचारला, "हे लिहितं कोण? गाडीवाला की सरकार?"

"सरकार. नंबरप्लेटवर छापूनच येतं."

"आणि एखाद्याला नको असलं तर?"

सात वर्षं तेच शब्द गाडीच्या मागे घेऊन मी हिंडत होतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मंडळी, पाटी या विषयावर आपल्याला कुणी शिकवायला नको. 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' ही पाटी कुणाची, याबद्दल कधी वाद होत नाही. ज्याचं दार त्याची पाटी. गाडीच्या बाबतीत मात्र दार आपलं आणि पाटी दुसऱ्याची, असा प्रकार आहे. तो तसा कसा झाला हे शोधायला मी त्या आठवड्यात गावच्या लायब्ररीत गेलो आणि ते वेड नंतर चाळीस वर्षं काही सुटलं नाही. गराजमध्ये भिंतभर जुन्या प्लेट्स आहेत. सौ. त्याला भंगार म्हणते.

नंबरप्लेटचा मान तसा अमेरिकेचा नाही. पॅरिसच्या पोलिसांनी १४ ऑगस्ट १८९३ च्या हुकमाने मोटारींना पाट्या लावायला लावल्या, ती जगातली सुरुवात मानतात. अमेरिकेत सुरुवात झाली ती न्यूयॉर्क राज्यात, १९०१ मध्ये. एप्रिलमध्ये गव्हर्नर ओडेल यांनी कायद्यावर सही केली. मोटारवाल्याने एक डॉलर भरून राज्याकडे नाव नोंदवायचं आणि गाडीच्या मागे स्वतःच्या नावाची आद्याक्षरं लावायची, किमान तीन इंच उंचीची. झालं, एवढंच. नंबर नाही, सरकारी पाटी नाही. पहिल्या वर्षी ९५४ गाड्या नोंदल्या गेल्या. पाटी ज्याची त्याने करायची होती. कुणी चामड्याच्या पट्टीवर पितळी अक्षरं ठोकली, कुणी लाकडाच्या फळीवर रंगवली, कुणी सरळ गाडीच्या पाठीवरच ब्रश चालवला. म्हणजे ही पहिली पाटी आपल्या वाड्याच्या दारावरच्या पाटीसारखीच होती. गाडीही माझी, पाटीही माझी, अक्षरंही माझ्या नावाची.

हे फार दिवस चालणं शक्यच नव्हतं. एकाच आद्याक्षरांची दहा माणसं निघाली तर घोडागाडीला धडक देऊन पळालेला त्यातला कोणता, हे पोलिसाने ओळखायचं कसं? (विचार करा, आपल्या मंडळाच्या यादीत 'एस. के.' किती निघतील.) दोनच वर्षांत, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कने आद्याक्षरं सोडून नंबर द्यायला सुरुवात केली. पण पाटी अजून मालकानेच करायची होती. राज्याने स्वतः प्लेट पुरवायला न्यूयॉर्कला १९१० साल उजाडलं.

ते काम आधी केलं आमच्या शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने. १९०३ च्या कायद्याप्रमाणे १ सप्टेंबरपासून तिथे राज्य सरकार प्लेट बनवून द्यायला लागलं. लोखंडी पत्र्यावर निळा मुलामा आणि वर पांढरे आकडे. आपल्याकडे तामचिनीची ताटं असत ना, निळ्या काठाची, आपटली की टवका उडणारी, तीच जात. या प्लेट्सची रुंदी ठरलेली नव्हती, नंबर जितका लांब तितकी प्लेट लांब. एक आकडी नंबरवाल्याची प्लेट छोटीशी, पाच आकडीवाल्याची लांबलचक. पहिला नंबर फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या गृहस्थांना मिळाला. छोटा आकडा म्हणजे जुना मोटारवाला, म्हणजे घरंदाज, हे समीकरण तेव्हापासूनच पडलं. डेलावेअरमध्ये त्याचा कहर आहे. तिथे १, २ आणि ३ हे नंबर गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट यांचे. बाकीचे छोटे आकडे लोक वारसाहक्काने जपतात नाहीतर विकतात. २००८ मध्ये '६' या एका आकड्याचा लिलाव ६,७५,००० डॉलरला झाला. एवढ्यात तेव्हा चांगली दोन घरं आली असती. असो, हौसेला मोल नाही.

पुढची पन्नास वर्षं म्हणजे माझ्यासारख्या संग्राहकाची चंगळ आहे. प्लेट बहुधा दर वर्षी बदले आणि रंगही बदले, म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसाला लांबूनच कळे की या बहाद्दराने यंदाचे पैसे भरलेत की नाही. आज आपण कोपऱ्यात एक टीचभर स्टिकर चिकटवतो तेच काम तेव्हा अख्खी प्लेट बदलून होई. एवढ्या प्लेट्स ठोकायच्या कुणी? तुरुंगातल्या कैद्यांनी. न्यूयॉर्कच्या प्लेट्स ऑबर्नच्या तुरुंगात शंभर वर्षांपासून बनतात. आणि न्यू हॅम्पशायरच्या? काँकर्डच्या राज्य तुरुंगात. 'स्वतंत्र जगा नाहीतर मरा' हे शब्द एकामागून एक पत्र्यावर उठवणारा माणूस गजाआड आहे, हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग बराच वेळ गप्प बसले.

दुसऱ्या महायुद्धात पोलाद लढाईला गेलं आणि प्लेटला पत्रा मिळेना. कुठे जुन्याच प्लेटला नव्या वर्षाची छोटी पट्टी जोडली, कुठे काचेवर कागद चिकटवला. इलिनॉयने मात्र १९४३ पासून काही वर्षं सोयाबीनपासून केलेल्या पुठ्ठ्याच्या प्लेट्स काढल्या. युक्ती छानच होती. फक्त गाई, बकऱ्या आणि कुत्री यांना ती फारच आवडली. गावाकडच्या लोकांच्या गाड्या सकाळी बिननंबरी सापडू लागल्या. गुरांनी सरकारी कागद खाल्ल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत, इथे तर सरकारी नंबरच फस्त झाला.

आकारातही बेबंदशाही होती. टेनेसीने १९३६ पासून वीस वर्षं आपल्या नकाशाच्या आकाराची प्लेट काढली. मोटार कंपन्या वैतागल्या, कारण गाडीच्या मागे प्लेटसाठी खाच ठेवायची तर किती लांबीची ठेवायची? शेवटी मोटार-प्रशासकांची संघटना, मोटार उत्पादक आणि रस्ता-सुरक्षावाले एकत्र बसले आणि १९५६-५७ च्या सुमारास सहा इंच बाय बारा इंच हे माप अमेरिका-कॅनडात कायम झालं. आजही तेच आहे.

आता आपल्या मुद्द्याकडे येतो. प्लेट सरकारची झाली, नंबरही सरकारचा झाला. पण नंबर टाकूनही पत्र्यावर जागा उरत होती. सरकारच्या हातात रिकामी जागा आली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. १९१७ मध्ये ॲरिझोनाने बैलाचं मुंडकं काढलं. प्लेटवरचं ते पहिलं चित्र. १९२८ मध्ये आयडाहोने तर कमाल केली. प्लेटवर एक मोठा तपकिरी बटाटा, नंबर त्या बटाट्यावर आणि खाली लिहिलेलं 'आयडाहो पोटॅटोज'. डॉक्टर असो, वकील असो, पाद्री असो, प्रत्येकाच्या गाडीमागे बटाटा. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने कॉड मासा टाकला. तो मासा राज्याच्या नावाकडे पाठ करून पोहत होता, आणि त्या वर्षी जाळ्यात मासळी कमी आली म्हणून कोळ्यांनी प्लेटला बोल लावला, असं सांगतात. पुढच्या वर्षी माशाचं तोंड फिरवण्यात आलं! खरंखोटं त्या माशालाच ठाऊक. १९३६ मध्ये वायोमिंगने उधळलेला घोडा आणि त्यावरचा स्वार आणला. तो आजही आहे आणि माझ्या मते सगळ्या प्लेट्समध्ये तोच सर्वांत देखणा आहे.

चित्रानंतर शब्द आले. यात आपल्या न्यू जर्सीकरांनी लक्ष घालावं अशी एक गोष्ट आहे. १९५४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने प्लेटवर 'गार्डन स्टेट' लिहायचा ठराव केला, तेव्हा गव्हर्नर मायनर यांनी तो नाकारला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की न्यू जर्सीतले लोक काही स्वतःला माळी किंवा शेतकरी समजत नाहीत, राज्यात इतरही उद्योग आहेत. विधिमंडळाने त्यांचा नकार धुडकावून ठराव मंजूर केला आणि १९५९ पासून ते शब्द प्लेटवर आले. न्यूअर्कच्या विमानतळावर उतरून टर्नपाइकवरून रिफायनऱ्या बघत एडिसनला पोहोचलेल्या प्रत्येक मराठी माणसाने मायनरसाहेबांची एकदा तरी आठवण काढावी.

पण बटाटा काय, बाग काय, ती जाहिरात झाली. जाहिरात नकोशी वाटली तरी माणूस हसून सोडून देतो. न्यू हॅम्पशायरच्या प्लेटवरही आधी साधा 'सीनिक' असा शब्द होता. १९७१ मध्ये तो काढून 'लिव्ह फ्री ऑर डाय' आलं. हे शब्द जनरल जॉन स्टार्क यांचे, स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती. १८०९ मध्ये बेनिंग्टनच्या लढाईच्या स्मृतिसमारंभाला प्रकृतीमुळे जाता येईना, म्हणून त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना पत्रातून जी शुभेच्छा पाठवली त्यातले. १९४५ मध्ये राज्याने ते आपलं ब्रीद केलं. इथवर ठीक. कागदावर, इमारतीवर, झेंड्यावर ब्रीद असावंच. १९७१ मध्ये ते प्रत्येक खाजगी गाडीच्या पाठीवर चढलं आणि प्रश्न उभा राहिला.

क्लेरमाँट गावचे जॉर्ज मेनर्ड आणि त्यांच्या पत्नी मॅक्सिन हे दोघे जेहोव्हाज विटनेस पंथाचे. ऐहिक राज्यासाठी प्राण द्यावा हे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं, जीव द्यायचा-घ्यायचा अधिकार देवाचा. 'नाहीतर मरा' असं सांगणारी पाटी आपल्या गाडीवर मिरवायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी त्या शब्दांवर टेप चिकटवली. नंबरला हात लावला नाही, फक्त ब्रीदावर. गल्लीतली पोरं ती टेप काढून टाकत. पुन्हा चिकटवावी, पोरांनी पुन्हा काढावी. शेवटी १९७४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला मेनर्ड यांनी 'ऑर डाय' एवढे शब्द पत्र्यातून कापूनच टाकले, आणि भोकावर व उरलेल्या 'लिव्ह फ्री'वर टेप लावली.

प्लेटवरची अक्षरं झाकणं हा राज्यात गुन्हा होता, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'अक्षरं' या शब्दात ब्रीदही येतं असा अर्थ आधीच लावलेला होता. २७ नोव्हेंबर १९७४ ला मेनर्ड यांना पहिली नोटीस मिळाली. वकील न घेता ते स्वतःच कोर्टात उभे राहिले आणि आपली श्रद्धा काय ते सांगितलं. न्यायाधीशाने सहानुभूती दाखवली, पण २५ डॉलर दंड ठोठावून तो तहकूब ठेवला. टेप काही निघाली नाही. महिन्याच्या आत दुसरी नोटीस, आणि तिच्या पाठोपाठ तिसरी. दुसऱ्या खटल्यात ५० डॉलर दंड, सहा महिन्यांची तहकूब कैद आणि मागचे २५ डॉलरही भरा, असा निकाल झाला. मेनर्ड यांनी नम्रपणे सांगितलं की तत्त्वाचा प्रश्न आहे, दंड भरणार नाही. त्यांना पंधरा दिवसांची शिक्षा झाली. ती त्यांनी पूर्ण भोगली.

हे सगळं मी लायब्ररीतून टिपून आणलं आणि रात्री जेवणानंतर अण्णांना वाचून दाखवलं. आमचा सात वर्षांचा मुलगाही ऐकत होता. तो म्हणाला, "आजोबा, फक्त सेव्हंटी-फाइव्ह डॉलर्ससाठी जेलमध्ये गेला?" अण्णा म्हणाले, "पंचाहत्तर डॉलरसाठी नाही रे."

तुरुंगातून सुटल्यावर मार्च १९७५ मध्ये मेनर्ड दांपत्याने फेडरल कोर्टात दावा लावला आणि तो वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खटला 'वूली विरुद्ध मेनर्ड' या नावाने ओळखला जातो. वूली हे लेबनन गावचे पोलिसप्रमुख. राज्याने दोन कारणं मांडली. एक, ब्रीदामुळे खाजगी गाडीची प्लेट चटकन ओळखता येते. दुसरं, लोकांच्या मनात राज्याचा इतिहास, अभिमान, स्वतंत्र बाणा रुजतो. २० एप्रिल १९७७ ला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी निकाल लिहिला. पहिलं कारण त्यांनी सहज बाजूला सारलं, खाजगी गाड्यांच्या नंबरांची ठेवणच वेगळी आहे, ओळख त्यावरून होते. दुसऱ्या कारणाबद्दल त्यांचं म्हणणं असं की सरकारने आपला विचार पसरवावा, पण त्यासाठी नागरिकाच्या खाजगी मालमत्तेचा चालता-फिरता जाहिरातफलक करता येणार नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचं स्वातंत्र्यही येतं. विरोधात लिहिताना न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी नोटांवरच्या देवाच्या नावाचा दाखला दिला. नास्तिकाच्या खिशात ती नोट असते म्हणून काही तो आस्तिक ठरत नाही, मग प्लेटचं एवढं काय? हा मुद्दा काही अगदीच टाकाऊ नाही. पण नोट खिशात असते आणि प्लेट पाठीवर, एवढा फरक मला दिसतो.

एक लक्षात घ्या, न्यायालयाने ब्रीद काढायला सांगितलं नाही. ते शब्द आजही न्यू हॅम्पशायरच्या प्लेटवर आहेत. ज्याला नको त्याने झाकले तर त्याला शिक्षा करता येत नाही, एवढंच. आणि गंमत बघा, झाकणारे फार निघालेच नाहीत. मी स्वतःही कधी झाकले नाहीत, मला ते आवडतात.

सरकारची पाटी उलट्या कामालाही येते, हे राजधानीने दाखवून दिलं. वॉशिंग्टन डी. सी.चे रहिवासी फेडरल कर भरतात, पण काँग्रेसमध्ये त्यांना मत देणारा प्रतिनिधी नाही. नोव्हेंबर २००० पासून त्यांच्या प्लेटवर 'टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन' आलं. म्हणजे ज्या तक्रारीवरून अमेरिकेने इंग्रजांशी भांडण काढलं, तीच तक्रार राजधानीने स्वतःच्या देशाकडे गाडीच्या पाठीवरून मांडली. राष्ट्राध्यक्षांची गाडीही त्याच शहरातली. क्लिंटन यांनी जाता जाता ती प्लेट आपल्या गाडीला लावली, २००१ मध्ये बुश यांनी आल्याबरोबर काढली, आणि ओबामांनी २०१३ च्या जानेवारीत पुन्हा लावली. पुण्यात दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या पाट्या अशाच काढल्या-लावल्या असत्या.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. सरकारचे शब्द मला नकोत, हे मेनर्ड यांना मिळालं. पण माझे शब्द सरकारच्या प्लेटवर हवेत, असं कुणी म्हटलं तर? पैसे भरून हवी ती अक्षरं घ्यायची सोय पेनसिल्वेनियाने १९३१ मध्येच सुरू केली होती, तेव्हा फक्त आद्याक्षरं मिळत. म्हणजे तीस वर्षांनी गाडी पुन्हा १९०१ च्या न्यूयॉर्कला पोहोचली! सत्तरच्या दशकात हे वेड देशभर पसरलं. लॉस एंजेलिसच्या एका गृहस्थाने १९७९ मध्ये अर्जात दोन पसंतीचे शब्द लिहिले आणि तिसऱ्या रकान्यात, हे दोन्ही नसतील तर खास प्लेट नको, या अर्थाने 'नो प्लेट' असं लिहिलं. प्लेट आली तीच, 'नो प्लेट'. त्यानंतर राज्यभर जिथे जिथे बिनप्लेटच्या गाडीला पोलिसाने पार्किंगची पावती फाडली आणि नंबरच्या जागी 'नो प्लेट' लिहिलं, त्या साऱ्या पावत्या यांच्या दारी. सुमारे अडीच हजार!

आपली मंडळीही यात मागे नाहीत. अधिवेशनाच्या पार्किंग लॉटमध्ये मी 'पुणेकर', 'मोरया', 'आई' असं सगळं वाचलेलं आहे, अर्थात इंग्रजी अक्षरांत. महाराष्ट्रात अशी सोय नाही. नंबर इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच हवा असा नियम आहे. तरी मराठी माणूस थांबतो का? इंग्रजी चार आणि एक असे जोडीने दोनदा आलेला नंबर मिळवायचा, चाराला जरा वळण द्यायचं, वर रेघ ओढायची, की झालं 'दादा'. दोन-एक-चारचा 'राम'. आर.टी.ओ.च्या दृष्टीने तो गुन्हाच, पण कल्पकतेला दाद द्यायला हवी. इथे तुरुंगात बनलेल्या प्लेटवर पैसे भरून नाव मिळतं, तिथे नंबरातून नाव कोरून काढावं लागतं.

थट्टा बाजूला ठेवू, कारण २०११ मध्ये टेक्सासमध्ये थट्टा राहिली नाही. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेने आपली खास प्लेट मागितली, आणि तिच्यावर दक्षिणेचा लढाईतला झेंडा. गुलामगिरी टिकवण्यासाठी वेगळ्या झालेल्या राज्यांचा तो झेंडा कृष्णवर्णीय शेजाऱ्याने रोज पुढच्या गाडीवर का बघावा? राज्याच्या मंडळाने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८ जून २०१५ ला पाच विरुद्ध चार मतांनी राज्याचा नकार कायम झाला. न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिलं की प्लेटवर जे छापलं जातं ते सरकारचं बोलणं आहे. आणि त्यांनी मेनर्ड यांचाच निकाल आरशात धरला, राज्य जसं आपलं म्हणणं माणसाला वाहायला लावू शकत नाही, तसा माणूसही आपलं म्हणणं राज्याकडून वदवून घेऊ शकत नाही. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ॲलिटो यांनी वाचकाला टेक्सासच्या हमरस्त्याकडेला खुर्ची टाकून बसायला सांगितलं. शेकडो तऱ्हांच्या प्लेट्स जातील, एकीवर लिहिलेलं असेल की मला गोल्फ खेळायला जायचंय. ते काय टेक्सास सरकारला जायचंय?

मला निकाल पटतो, पण ॲलिटोंच्या खुर्चीत बसून बघितलं की मीही चुळबुळतो. प्रश्न सुटलेला नाही, याचा पुरावा म्हणजे त्याच २०१५ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने हौशी प्लेटवरची अक्षरंसुद्धा सरकारचंच बोलणं ठरवली, आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका फेडरल न्यायाधीशाने नेमकं उलट, ती गाडीवाल्याची अक्षरं आहेत, 'अभिरुचीला सोडून' एवढ्या मोघम कारणाने राज्याला ती नाकारता येणार नाहीत, असा निकाल दिला. म्हणजे तुमच्या प्लेटवरचा 'मोरया' तुम्ही म्हणता की सरकार म्हणतं, हे तुम्ही कोणत्या राज्यात राहता त्यावर!

एवढ्यात प्लेट वाचणारेही बदललेत. पोलिसाच्या डोळ्यांऐवजी कॅमेरे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर टिपतात आणि साठवतात, तुम्ही काही केलेलं असो वा नसो. यात आमचं जुनं राज्य आपल्या ब्रीदाला जागलं. न्यू हॅम्पशायरने बरीच वर्षं पोलिसांना असे कॅमेरे वापरू दिले नाहीत आणि २०१६ मध्ये परवानगी दिली ती अशी, की गुन्ह्याशी जुळला नाही तर तो नंबर तीन मिनिटांत पुसून टाकायचा. इतर राज्यांत तो महिनोन्‌महिने ठेवतात.

अण्णा त्या वर्षी जुलैच्या शेवटी परत गेले. सप्टेंबरमध्ये त्यांचं एरोग्राम आलं. एका कात्रणातला मजकूर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात उतरवून काढला होता. केरळातल्या एका शाळेने तीन भावंडांना १९८५ मध्ये काढून टाकलं होतं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती मुलं उभी राहत, पण गात नसत. त्यांचाही पंथ जेहोव्हाज विटनेस. ११ ऑगस्ट १९८६ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितलं होतं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्रात अमेरिकेतल्या १९४३ च्या एका खटल्याचा आधार होता, शाळेत झेंड्याला सलामी न देणाऱ्या मुलांचा. मेनर्ड यांच्या निकालातही तोच आधार घेतलेला आहे.

खाली अण्णांनी लिहिलं होतं की चाळीस वर्षं रोज सकाळी त्यांनी शाळेत राष्ट्रगीत म्हणून घेतलं आणि जो पोरगा ओठ हलवत नसे त्याला पट्टी मारली. त्यात असं एखादं होतं का, आता आठवत नाही. मग तब्येतीचं, पावसाचं, घराच्या कौलांचं. आणि एरोग्रामची जिथे घडी घालून डिंक लावतात त्या पट्टीवर, जागा संपल्यावर बारीक अक्षरात, "त्या गृहस्थांच्या गाडीला नंतर नवी पाटी मिळाली, की ती भोकाचीच राहिली? चौकशी करून कळवणे."